कुंपणानेच शेत खाल्लं: 'द अनटेम्ड'च्या फॅन्सची २२७ वाली भानगड

माझं आणि माझ्या मामेबहिणीचं एकाच विषयावरून कितीतरी वर्षं वाजतंय, आणि विषय इतका लांबचा आहे की घरात कुणाला सांगितला तर म्हणतील तुम्हाला काही कामधंदे आहेत की नाहीत. 'द अनटेम्ड' ह्या चिनी सिरीयलमधल्या शियाओ झान नावाच्या हिरोच्या फॅन्सनी फेब्रुवारी २०२० मध्ये एका फॅनफिक्शनची, म्हणजे फॅन्सनीच रचलेल्या गोष्टीची, सरकारकडे तक्रार केली आणि दोन-तीन दिवसांत ती गोष्ट राहिली बाजूला, ती जिथे होती ती एओथ्री नावाची अख्खी साइटच चीनमध्ये बंद झाली. बहीण म्हणते, "पण ताई, त्यांचं चुकलं काय? आपल्या दादाबद्दल कुणी असलं लिहिलं असतं तर तू गप्प बसली असतीस?" मी म्हणते नसते बसले गं, पण म्हणून सगळ्या लायब्ररीला सील ठोकायला तहसीलदाराला बोलवायला गेले नसते. मग ती म्हणते तुला प्रेम कळत नाही, मी म्हणते तुला सरकार कळत नाही, आणि मग मामी ओरडते की चहा निवतोय.

तर आता नीट सगळं लिहूनच काढते, म्हणजे एकदाचं होऊन जाऊ दे.

आधी सिरीयल. 'द अनटेम्ड', मूळ चिनी नाव 'चेन चिंग लिंग', २७ जून २०१९ ला टेन्सेंट व्हिडिओ ह्या तिकडच्या ऑनलाइन वाहिनीवर सुरू झाली, ५० भाग. मूळ कादंबरी मो शियांग तोंग शियु ह्या टोपणनावाच्या लेखिकेची, 'मो दाओ झू शी', जिनजियांग नावाच्या साइटवर २०१५-१६ मध्ये हप्त्याहप्त्याने आलेली. ती सरळसरळ दोन पुरुषांची प्रेमकथा आहे, ह्या प्रकाराला तिकडे दानमेई म्हणतात आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बहुतेक सगळ्या बायकाच. आता चीनमध्ये टीव्हीवर दोन पुरुषांचं प्रेम दाखवता येत नाही, २०१६ मध्ये 'अ‍ॅडिक्टेड' नावाची सिरीयल चालू असताना मधूनच काढून टाकली होती हे ह्या क्षेत्रातल्या प्रत्येक शेंबड्या पोराला माहितीये. मग 'अनटेम्ड'वाल्यांनी काय केलं, प्रेम काढलं आणि मैत्री ठेवली, म्हणजे कागदावर. दोघं एकमेकांचे 'जिवाभावाचे सखे', बस. पण काढताना त्यांनी इतक्या प्रेमाने काढलं की जे काढलं तेच जास्त दिसायला लागलं.

एक उदाहरण सांगते आणि ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच आठवेल. लान घराण्यातली मुलं कपाळाला एक पांढरी पट्टी बांधतात, कादंबरी वाचलेल्याला माहीत असतं की त्या पट्टीला आईवडील आणि बायकामुलं सोडून कुणी हात लावायचा नाही. सातव्या भागाच्या आसपास दोघं नायक, वेई वूशियान आणि लान वांगजी, एका थंडगार गुहेत अडकतात, तिथलं जुनं वाद्य फक्त लान घराण्याच्या माणसाला सोडतं, बाकीच्यांवर हल्ला करतं. वेई वूशियान लान नाही. तर तो अबोल, तोंडावरची माशी न उडणारा लान वांगजी आपली पट्टी सोडतो आणि एक टोक त्याच्या मनगटाला, दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधतो, आणि काहीच बोलत नाही. झालं! सेन्सॉरला दिसली जीव वाचवायची युक्ती, आम्हाला दिसलं लग्न. सेन्सॉरच्या नाकाखालून असं सामान पास करायची कला म्हणजेच ही सगळी सिरीयल, आणि हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण ह्याच कलेच्या जिवावर उठलंय.

वेई वूशियान झालेला शियाओ झान, लान वांगजी झालेला वांग यीबो. दोघंही बॉयबँडमधून आलेले, आधी ठीकठाक ओळख, आणि त्या उन्हाळ्यात एकदम आकाशात. शेवटचे भाग लवकर बघायचे तर व्हीआयपी मेंबरांकडून वर आणखी ३० युआन घेतले होते कंपनीने आणि लोकांनी शिव्या घालत घालत भरले. (मी फुकटात, काही महिन्यांनी, इंग्लिश सबटायटल वाचत बघितली, लॉकडाऊनमध्ये, इअरफोन एकच कानात कारण दुसऱ्या कानाने कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या होत्या.)

आता फॅन्सच्या जाती, कारण त्याशिवाय काही कळणार नाही. एक होते फक्त शियाओ झानचे, त्यांना दुसऱ्या हिरोचं नाव जरी शेजारी दिसलं तरी अंगावर काटा येतो. त्यांचे विरोधक त्यांना कोळंबी म्हणायचे. दुसरे फक्त वांग यीबोचे, त्याला बाइक रेसिंगचं वेड म्हणून ह्यांना मोटरसायकलवाल्या. आणि तिसरे जोडीचे, ज्यांना दोघं खरोखर एकत्र आहेत असं वाटतं किंवा वाटून घ्यायला आवडतं, ह्या स्वतःला कासवं म्हणवतात. कोळंबी आणि कासव एकाच डबक्यात! कोळंब्यांचं म्हणणं की कासवं आमच्या हिरोच्या करिअरवर जगतायत आणि त्याला बदनाम करतायत, कासवांचं म्हणणं की बायांनो ह्याच जोडीमुळे तुमचा हिरो मोठा झाला. दोन्ही म्हणण्यात थोडंथोडं खरं आहे हीच तर गंमत.

आणि ह्या सगळ्यात जुना एक अलिखित नियम होता, चिनी फॅन्सचा स्वतःचा. चार शब्दांचा वाक्प्रचार आहे, अर्थ साधारण असा की आपलं कुंपण घाला आणि आत आपापलं रमा. म्हणजे खऱ्या माणसांवर काय कल्पना करायच्या त्या करा, पण कुंपणाच्या आत, त्या माणसाच्या तोंडासमोर नेऊ नका, त्याच्या आईबापांना दिसेल असं टाकू नका. मला हा नियम फार शहाणा वाटतो. आपल्याकडे सुद्धा जात्यावर बसल्यावर बायका सासूबद्दल काय काय गायच्या, पण ते जात्यापाशी, ओट्यावर येऊन नाही.

२४ फेब्रुवारी २०२० च्या सुमारास एक फॅनफिक्शन आलं, नावाचा अर्थ 'कोसळणं' असा काहीतरी. त्यात शियाओ झान नावाचं पात्र म्हणजे स्वतःला बाई मानणारी, देहविक्रय करणारी व्यक्ती. गोष्ट होती एओथ्रीवर, आणि तिची लिंक आली वेइबोवर, म्हणजे तिकडच्या ट्विटरवर, भर चौकात. कुंपण मोडलं ते इथे, मी हे मान्य करते, बहिणीसमोरही करते. कोळंब्यांचा तिळपापड झाला. त्यांच्या मते हे त्यांच्या माणसाला बाई करून, वेश्या करून दाखवणं म्हणजे अपमानाची हद्द. (ह्यात तृतीयपंथी असणं म्हणजेच अपमान हे जे गृहीत धरलंय त्यावर वेगळं भांडता येईल, आणि भांडायला पाहिजे, दोन पुरुषांच्या प्रेमकथेतून मोठ्या झालेल्या हिरोच्या फॅन्सनी एवढं तरी...जाऊ दे.)

राग आला इथपर्यंत ठीक. पण पुढे जे झालं ते रागातून आपसूक नाही झालं हो, त्याची यंत्रणा आधीपासून तेल घालून तयार होती.

तिकडच्या फॅन्समध्ये आपल्या हिरोसाठी रोज काम करायची पद्धत पडलेली होती. रोज, शब्दशः. रँकिंगमध्ये नाव वर राहावं म्हणून क्लिक करत बसायचं, त्याच्या बातमीखाली वाईट कमेंट दिसू नये म्हणून आधीच तयार केलेल्या गोड कमेंटांचा भडिमार करायचा, आणि बदनामीविरोधी गट असायचे, तिथे आज कुठल्या कुठल्या पोस्टची तक्रार करायची त्याची यादी यायची, कुठलं बटण दाबायचं, कारण कुठलं निवडायचं सगळं लिहिलेलं. बायका ऑफिसला जाता जाता मेट्रोत उभ्या उभ्या करायच्या हे. स्वतःला विनोदाने डेटाच्या कामगारणी म्हणायच्या. तर तक्रार करणं ही त्यांच्यासाठी मोठी राजकीय गोष्ट नव्हतीच, दात घासण्यासारखी सवय होती. आणि सवयीचा तोटा हाच की माणूस मध्ये थांबून विचार करत नाही की आज बटण कुणाच्या घरचं दाबतोय.

आणि तक्रारीची भाषा बघा. 'आमच्या हिरोचा अपमान झाला' असं लिहिलं तर कुठलं खातं दखल घेणार? मग लिहायचं अश्लील मजकूर, अल्पवयीन मुलांवर वाईट परिणाम, वेश्याव्यवसायाचा प्रसार. सरकारला जी भाषा ऐकू येते ती भाषा. बेकायदा ऑनलाइन मजकुरासाठी तिकडे १२३७७ असा सरकारी नंबर आहे, तिथे, आणखी कुठे कुठे, एओथ्री आणि लोफ्टर ही फॅन्सची चिनी साइट, दोन्हींच्या नावाने तक्रारींचा ढीग. एका गोष्टीची नाही, जागेची तक्रार! आणि वेळ कुठली, वुहान २३ जानेवारीपासून बंद, लोक देशभर घरात कोंडलेले, हातात फोन आणि डोक्यात भीती. त्यात १ मार्च २०२० पासून ऑनलाइन मजकुराबद्दलचे नवे कडक नियम लागू होणार हे आधीच जाहीर झालेलं.

२९ फेब्रुवारीला एओथ्री चीनमध्ये उघडेना.

आता एओथ्री म्हणजे काय ते न वाचणाऱ्यांसाठी. नफा नाही, जाहिरात नाही, देणगीवर चालणारं, फॅन्सनीच फॅन्ससाठी बांधलेलं गोष्टींचं गोदाम, २००९ पासून सगळ्यांसाठी खुलं आणि २०१९ मध्ये ह्युगो हा विज्ञानकथा-फँटसीचा मोठा पुरस्कारसुद्धा मिळालेला. चिनी लिहिणाऱ्यांसाठी तर त्याची किंमत आपल्याला कळणारच नाही इतकी होती, कारण त्यांच्याकडच्या साइटवर २०१४ च्या साफसफाई मोहिमेनंतर गळ्याच्या खालचं काहीही लिहायला बंदी, हा तिकडचा जुना विनोद आहे आणि विनोद नाही. २०१८ मध्ये तर दानमेई कादंबरी स्वतः छापून विकली म्हणून एका लेखिकेला साडेदहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. साडेदहा वर्षं! तर अशा देशात ज्यांना हे माहीत होतं, ज्यांनी ह्याच प्रकारातली सिरीयल डोक्यावर घेतली होती, त्यांनीच जाऊन दार दाखवलं. मी बहिणीला दरवेळी हेच म्हणते, कुंपणानेच शेत खाल्लं.

ती म्हणते, "पण बंद सरकारने केली ना, त्या पोरींनी थोडीच केली? नवे नियम येणारच होते, आज ना उद्या झालंच असतं."

हा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि खोटं कशाला सांगू, निर्णय कुणी कशावरून घेतला त्याचा कागद आपल्यासमोर नाही. असेलही की फाइल आधीच टेबलावर होती. पण मग मी विचारते की फाइल टेबलावर आहे हे माहीत असताना तू पेन नेऊन देशील का? ह्यावर ती बिस्किट चहात बुडवते आणि ते तुटून आत पडतं. म्हणजे एक पॉइंट माझा.

पुढचा भाग मात्र असा आहे की त्यात माझी बाजूसुद्धा उघडी पडते. ज्यांची जागा गेली ते चवताळले, आणि ते फक्त 'अनटेम्ड'वाले नव्हते, अ‍ॅनिमेवाले, गेमवाले, इंग्लिश पिक्चरवाले, लिहिणारे-वाचणारे सगळे, ज्यांना शियाओ झान कोण हे पण धड माहीत नव्हतं. २७ फेब्रुवारीला भांडण पेटलं म्हणून ह्या सगळ्याला २२७ म्हणतात, एकजूट झाली म्हणून '२२७ ची एकजूट'. पण ह्यांनी केलं काय? हिरोच्या सिरीयलींना दोउबान ह्या रेटिंगच्या साइटवर एक-एक तारा देत सुटले, ज्या ज्या ब्रँडचा तो चेहरा होता त्या ब्रँडवर बहिष्कार, एस्टी लॉडर, पियाजे असे मोठे मोठे ब्रँड, कंपन्यांच्या कस्टमर केअरला सळो की पळो. घोषणा एकच, फॅन्सनी केलेल्या कृत्याचं बिल हिरोने भरायचं.

म्हणजे परत तेच! त्या कोळंब्यांनी एका गोष्टीसाठी साइटला शिक्षा केली, ह्यांनी काही हजार फॅन्ससाठी एका माणसाला केली. ज्या माणसाने ना गोष्ट लिहिली ना तक्रार केली. बहीण इथे टेबलावर हात आपटते आणि बरोबर आपटते. तिचा शियाओ झान आहे तो, माझा वांग यीबो, पण तरी मी म्हणेन की त्याच्यावर अन्याय झाला.

पण एक 'पण' उरतोच. त्याने बोलायला पाहिजे होतं का? फॅन्सची ती रोजची कामगारी, ती रँकिंग, ती तक्रारींची यादी, ह्यावरच तर त्याचा भाव ठरत होता आणि त्याच्या कंपनीला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल. तोवर गोड होतं सगळं. १ मार्चला त्याच्या स्टुडिओने माफी मागितली, लोकांना त्रास झाला, सार्वजनिक जागा व्यापली गेली अशा सुरातली, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव घातल्याबद्दल लावतात तशी पाटी. साइट गेली त्याचं काय ते कुणी बोललं नाही, बोलणार तरी कसं, सरकारी निर्णयावर कुठला हिरो बोलेल तिकडे. मे महिन्यात एका मुलाखतीत त्याने स्वतःही माफी मागितली. मार्चमध्ये सरकारी वकिलांच्या वर्तमानपत्राने, 'प्रोक्युरेटोरेट डेली'ने, ह्यावर लेख छापले, म्हणजे बघा प्रकरण कुठून कुठे गेलं. आणि एप्रिलच्या शेवटी त्याचं ३ युआनचं नवं गाणं आलं आणि फॅन्सनी एकेकीने कित्येक कॉपी घेऊन विक्रीचे आकडे गगनाला भिडवले. शिकलं कोण काय? कुणीच नाही. यंत्रणा होती तशीच, फक्त तेल बदललं.

थाई सिरीयली बघणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे सगळं फार विचित्र वाटतं. तिकडे कंपनीच जोडी विकते, त्याला शब्दसुद्धा आहे, खू-जिन, त्यातलं 'जिन' हे इंग्लिश 'इमॅजिन'चं शेपूट. जोडीचे फॅनमीट, जोडीच्या जाहिराती, दोघांनी स्टेजवर एकमेकांना भरवायचं, आम्ही टाळ्या वाजवायच्या. तिथे कुंपणच नाही, सगळं शेत रस्त्यावर. त्याचे त्रास वेगळे, एखाद्याची खरी गर्लफ्रेंड निघाली की जी रडारड होते ती बघवत नाही. पण निदान तिथे एका गटाला दुसऱ्या गटाचा काटा काढायला सरकारी नंबर फिरवावा लागत नाही. चीनमध्ये सगळंच झाकून होतं, म्हणून ज्याच्या हातात झाकण त्याच्या हातात सगळी सत्ता, आणि झाकण उघडून दाखवायची धमकी हेच फॅन्सचं एकमेकांविरुद्धचं हत्यार. माझ्या मते भांडणाचं मूळ इथे आहे. गोष्ट घाणेरडी होती की नव्हती, हिरो बोलला की नाही, हे सगळं वरवरचं. लपून जगणाऱ्या लोकांमध्ये जो पहिल्यांदा पोलिसाचं नाव काढतो त्याने सगळ्यांचाच पत्ता दिलेला असतो, स्वतःचासुद्धा.

आणि पत्ता लागला. दीड वर्ष गेलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिकडच्या इंटरनेट खात्याने फॅन्सच्या गोंधळावर दहा कलमी फतवा काढला, हिरो-हिरॉइनच्या रँकिंगच्या याद्याच बंद, म्हणजे कामगारणींचा कारखानाच गेला. २ सप्टेंबरला टीव्हीच्या खात्याने बायकी दिसणाऱ्या पुरुषांविरुद्ध फर्मान काढलं, आणि दानमेईवरून केलेल्या सिरीयली, ज्यांची 'अनटेम्ड'नंतर रांग लागली होती, त्या डब्यात गेल्या. काही तर पूर्ण शूट होऊन पडल्यात. 'इमॉर्टॅलिटी' नावाच्या अशाच एका सिरीयलची वाट बघून बघून लोकांचे केस पांढरे झाले. हे २२७ मुळेच झालं असं मी म्हणणार नाही, त्याला दहा कारणं असतील. पण सरकारी कागदात फॅन्सचा गोंधळ म्हणून जे वर्णन येतं ना, तक्रारबाजी, शिवीगाळ, गटबाजी, ते वाचताना मला फेब्रुवारी २०२० च आठवतो.

बहीण ह्यावर एकदा फार वेगळं बोलली होती, ते लिहितेच कारण मला अजून त्याचं उत्तर सापडलं नाहीये. म्हणाली, "ताई, तुला ती साइट म्हणजे लायब्ररी वाटते कारण तू तिथे गोष्टी वाचायला जातेस. त्या पोरींना तिथे आपलं माणूस उघडं करून टांगलेलं दिसलं. त्यांनी दुसरं करायचं काय होतं? लेखिकेला सांगितलं तर ती म्हणणार लेखनस्वातंत्र्य, साइटला सांगितलं तर साइट म्हणणार आम्ही काही काढत नाही." आणि हे खरं आहे, एओथ्री मजकूर सहसा काढत नाही, तेच तिचं तत्त्व. मग खऱ्या माणसांवर लिहिलेलं जर त्याला किंवा त्याच्या लोकांना बोचलं तर दाद कुणाकडे मागायची? मी म्हटलं टॅग बघ, म्हणजे गोष्टीत काय आहे त्याची वर लावलेली लेबलं, आणि वाचू नकोस. ती म्हणाली, हो, म्हणजे आपल्याबद्दल काय छापलंय ते बघू नकोस असंच की. मी गप्प.

मागच्या दिवाळीत ती आली होती, रात्री गच्चीत गादी टाकून झोपलो, तिच्या हातात फोन, तोंडावर निळा उजेड. म्हटलं काय वाचतेस तर फोन पालथा घातला. मी ओढून घेतला. एओथ्रीच होतं, वेई वूशियान आणि लान वांगजी, चिनी लेखिकेचं कुणीतरी इंग्लिश केलेलं, साठाव्या प्रकरणात होती बाई. खाली लेखिकेची टीप होती, की व्हीपीएन (बंद साइट उघडायची पळवाट) चालला तर पुढचं प्रकरण रविवारी.

"ही पात्रं आहेत, खरी माणसं नाहीत," ती म्हणाली. "ते वेगळं."

"हो गं," म्हटलं, "मग रविवारी मला पण पाठव."